कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात का? शोधायच्या कुठे?

घारापुरी

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. मुलाने यंदा हायस्कूल संपवलं आणि आता तो इथल्या कम्युनिटी कॉलेजात जातोय, वर्ग पुढच्या आठवड्यात सुरू. दोन वर्षं इथे, मग यूसीला (कॅलिफोर्निया विद्यापीठाला) ट्रान्सफर, असा बेत आहे. "अगं, पण कम्युनिटी कॉलेज?" हे नातेवाईकांकडून पोटभर ऐकून झालंय, तेव्हा कृपया ती चर्चा इथे नको.

प्रश्न पैशांचा आहे. मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. माझी अर्धवेळ आहे. सगळे ग्रीनकार्डवर. कोथरूडला एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. फाफ्सा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) भरलेला नाही, कारण ज्याला विचारावं तो "तुमच्या उत्पन्नात काही मिळत नाही, वेळ घालवू नका" असंच म्हणाला. नेटवर शोधायला बसलं की शिष्यवृत्त्यांचा नुसता पूर येतो. उघडून बघावं तर बऱ्याचशा चार वर्षांच्या कॉलेजांसाठीच. कुणी यातून गेलं असेल तर सुरुवात कुठून करायची ते सांगा.

खडूस_काका

फाफ्सा म्हणजे गरिबांसाठी. आयटीवाल्या मध्यमवर्गाला या देशात कुणी दमडी देत नाही. मी दोन मुलं शिकवली, एक डॉलर मिळाला नाही. मुलाला कॅम्पसवर नोकरी करू द्या, तीच खरी शिष्यवृत्ती.

फायलींचा_गठ्ठा

काका, तुमची मुलं शिकली तेव्हा तुमची नोकरी शाबूत होती ना? इथे तसं नाही.

घारापुरी, मी एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते (तुमच्या मुलाच्या नाही). आज रात्रीच बसा आणि फाफ्सा भरा. कॅलिफोर्निया राज्याच्या मदतीची, म्हणजे कॅल ग्रांटची, मुख्य मुदत २ मार्चला संपते, पण कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी २ सप्टेंबरची दुसरी मुदत असते. ती अजून हातात आहे. फाफ्साबरोबर जीपीएची (ग्रेडच्या सरासरीची) पडताळणीसुद्धा त्याच तारखेच्या आत पोचायला हवी. ती हायस्कूलने पाठवली का, ते मुलाला विचारायला लावा. बहुतेक शाळा आपणहून पाठवतात, पण "बहुतेक" या शब्दावर वर्षाचे पैसे सोडू नयेत.

भरताना मुलाचं आणि पालकाचं अशी दोन वेगळी खाती लागतात. मुलाच्या खात्यात तुमचा ईमेल किंवा तुमचा फोन नंबर घालू नका. पुढच्या वर्षी तो पासवर्ड विसरतो आणि कोड तुमच्या फोनवर येतो, मग दोघेही आमच्या खिडकीपाशी भांडत उभे. पूर्वी टॅक्सचे आकडे हाताने भरता यायचे. आता आयआरएसकडून (टॅक्स खात्याकडून) थेट घ्यायला संमती द्यावी लागते. संमती दिली नाही तर फॉर्म पूर्ण धरला जात नाही, मग घरात उत्पन्न शून्य का असेना.

आता तुमचा खरा मुद्दा. २०२५-२६ चा फाफ्सा २०२३ चं उत्पन्न बघतो. २०२३ मध्ये नवऱ्याचा पगार चालू होता, म्हणजे फॉर्मवर तुम्ही सुखवस्तू दिसणार. घाबरू नका आणि आकडे स्वतः "दुरुस्त" करायला जाऊ नका. आहे तसा भरा, मग कॉलेजच्या ऑफिसला लिहा की परिस्थिती बदलली आहे, प्रोफेशनल जजमेंट (म्हणजे नव्या परिस्थितीनुसार फेरविचार) हवं आहे. नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे-स्लिप, बेरोजगारी भत्त्याची कागदपत्रं आणि यंदाच्या उत्पन्नाचा अंदाज जोडा. निर्णय प्रत्येक कॉलेज आपापला घेतं, त्यावर वर कुठे दाद मागता येत नाही. पण नोकरी जाणं हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं कारण आहे. मी अशी प्रकरणं हाताळते, त्यातल्या पुष्कळ मुलांच्या नावावर पुढे पेल ग्रांट (फेडरल सरकारची मदत) लागलेली पाहिली आहे.

पेलची कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे. परत करायची नसते.

कोथरूडचा फ्लॅट मात्र दाखवावा लागेल. राहतं घर धरत नाहीत, दुसरं घर धरतात, ते कुठल्या देशात आहे याला महत्त्व नाही. आजची बाजारभावाची किंमत वजा त्यावरचं कर्ज. सासऱ्यांच्या नावावर असेल तर तो तुमचा नाही. तुमचं नाव लागलं असेल तर तुमच्या वाट्याइतका तुमचा.

घारापुरी

बाप रे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. ताई, मनापासून आभार. फ्लॅट दोघा भावांच्या नावावर आहे, म्हणजे अर्धा धरायचा का?

फायलींचा_गठ्ठा

हो, तुमच्या नवऱ्याचा जेवढा हिस्सा तेवढाच. आणि पालकांच्या मालमत्तेचा फार तर ५.६४ टक्के भाग हिशेबात येतो, सगळी किंमत नव्हे. मुलाच्या स्वतःच्या नावावर जे असेल त्याचे मात्र २० टक्के धरतात. आजीने नातवाच्या नावावर ठेवलेली एफडी अशा वेळी डोकं वर काढते.

ओढ्याकाठी

धागा वाचून राहवलं नाही. मी कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर होऊन आता शेवटच्या वर्षाला आहे. ताईंनी सरकारी बाजू सांगितली, मी दुसरी सांगतो.

गुगलवर 'स्कॉलरशिप' टाकणं बंद करा. देशभरातल्या मोठ्या शिष्यवृत्त्यांना देशभरातून अर्ज जातात. तुमच्या मुलाच्या कॉलेजच्या फाउंडेशनच्या (देणग्यांच्या पैशांतून दिलेल्या) शिष्यवृत्त्यांना फक्त त्या कॉलेजमधलीच मुलं अर्ज करतात, आणि त्यातलीही बरीचशी करत नाहीत, कारण निबंध लिहायचा कंटाळा येतो. आमच्या कॉलेजात एका नर्सिंगच्या शिष्यवृत्तीला त्या वर्षी इतके थोडे अर्ज आले की मुदत वाढवली. रक्कम ५००, ८००, १,५०० अशा असतात. ऐकायला किरकोळ. पण कॅलिफोर्नियातल्या सेमिस्टर पद्धतीच्या कम्युनिटी कॉलेजात फीच युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर आहे, १२ युनिटचे ५५२. म्हणजे एका फाउंडेशनच्या चेकमध्ये सेमिस्टरची फी जाऊन वर पुस्तकं.

कॉलेजच्या पोर्टलवर एकच सामाईक अर्ज असतो. तो एकदा भरला की सिस्टीम स्वतःच जुळणाऱ्या शिष्यवृत्त्या काढून देते. त्यात मेजर (मुख्य विषय), जीपीए, युनिट यांच्याबरोबर विचित्र वाटणारे प्रश्न येतात: घरात कॉलेजला गेलेले तुम्ही पहिले का, कुणाची काळजी घेता का, कुठल्या हायस्कूलमधून आलात, आईवडील कुठल्या युनियनमध्ये आहेत का. लोक हे रिकामे सोडून पुढे जातात. ते सोडू नका. प्रत्येक प्रश्नामागे कुणा देणगीदाराची अट असते. एखाद्या निवृत्त प्राध्यापिकेने बायकोच्या हायस्कूलच्या मुलांसाठी पैसे ठेवलेले असतात, तो चौकोन रिकामा राहिला की तुमचं नाव त्या यादीत येतच नाही.

मेथी_मटार

"निवृत्त प्राध्यापिकेने बायकोच्या"? :)

ओढ्याकाठी

कॅलिफोर्निया आहे, होतं असं. :) मुद्दा चौकोनाचा आहे.

टिंबटिंब

वाचनखूण साठवली. निबंधाबद्दल लिहा ना कुणीतरी. माझी पुतणी "मला समाजासाठी काहीतरी करायचंय" च्या पुढे जात नाहीये.

ओढ्याकाठी

माझाही पहिला निबंध तसाच होता, आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्याच्या समासात "कोण?" एवढंच लिहून परत दिला. म्हणजे हे कोण बोलतंय, कुणीही बोलू शकेल. मग मी जे लिहिलं ते साधारण असं होतं (मूळ इंग्रजीत होतं, इथे आशय देतो):

"कॉलेज सांभाळून मी एका भारतीय किराणा दुकानात काम करतो. उन्हाळ्यात इडलीच्या तयार पिठाचे डबे फुगतात आणि झाकणं वर येतात. तारीख संपलेली नसते. मालक मला डबे मोजून परत पाठवायला सांगतात. कुठल्या शेल्फवरचे आधी फुगतात हे मी वहीत लिहायला लागलो: दारापासच्या फ्रिजमधले, कारण ते दिवसभर उघडझाप होतं. का, हे कळावं म्हणून मी सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग घेतला. त्या वर्गाची लॅब मंगळवारी संध्याकाळी असते, म्हणून मंगळवारची पाळी सोडावी लागली. ती शिष्यवृत्ती मला मंगळवार परत देईल."

शेवटचं वाक्य जरा भाव खाणारं आहे, मान्य. पण बघा, यात गरज आहे, मेजर का घेतलं ते आहे, आणि पैसे मिळाले तर नेमकं काय होईल तेही आहे. निवड समितीत बहुतेक कॉलेजमधलेच शिक्षक आणि कर्मचारी असतात, एकेका संध्याकाळी गठ्ठे वाचतात. त्यांना रडकथा नको असते, त्यांना तुमचं मूल डोळ्यांसमोर उभं राहायला हवं.

एकदा लिहिलेला निबंध दहा ठिकाणी वापरा, फक्त प्रत्येक ठिकाणी शेवटचा परिच्छेद बदला. एका मुलीने एका संस्थेच्या अर्जात दुसऱ्याच संस्थेचं नाव तसंच ठेवून पाठवलेलं मला माहीत आहे.

फायलींचा_गठ्ठा

सहीसहीसही. शिफारसपत्राचं एक सांगते. कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ शिकवणारे प्राध्यापक खूप असतात, एका शहरातून दुसऱ्या शहरात गाडी हाकत फिरणारे. त्यांना डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्र मागू नका. मुलाला सांगा, सेमिस्टरच्या मध्यावर, त्यांच्या ऑफिस अवर्समध्ये जाऊन विचार, आणि बरोबर एक पान दे: कुठला वर्ग, काय ग्रेड, कुठला प्रकल्प केला, कशासाठी अर्ज, कुठल्या तारखेपर्यंत. आपली मुलं संकोचाने विचारतच नाहीत, आणि मग एकाच काउन्सेलरकडे सगळे धावतात.

रेवदंडा

माझा प्रश्न थोडा वेगळा, धागाकर्तीची हरकत नसेल तर. मी ४१ वर्षांची. पुणे विद्यापीठाची बीकॉम. लग्नानंतर एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आले, ग्रीनकार्ड आता हातात पडलं. कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचा असोसिएट (दोन वर्षांच्या पदवीचा) कोर्स घेतेय, सीपीएच्या (इथल्या सीएच्या) दिशेने. फाफ्सा भरला तर "पेलला अपात्र" असं आलं. उत्पन्न तर कमी आहे, मग का?

फायलींचा_गठ्ठा

बीकॉममुळे. पेल ग्रांट पहिल्या बॅचलर्स पदवीपर्यंतच मिळते आणि परदेशातली पदवीही बॅचलर्सच धरली जाते. "मला बॅचलर्स आहे का" या प्रश्नाला तुम्ही खरं उत्तर दिलंत, म्हणून तसं आलं. ते उत्तर बदलून पुन्हा पाठवायचा मोह होतो लोकांना, ते अजिबात करू नका.

पण एक वाट आहे आणि ती नियमातलीच आहे. परदेशातली पदवी इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची नाही, असा कागदोपत्री पुरावा विद्यार्थ्याने दिला तर कॉलेज तसा निर्णय घेऊ शकतं. तुमची बीकॉम तीन वर्षांची. पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून अहवाल काढा. काही अहवालांत तीन वर्षांची पदवी म्हणजे बॅचलर्सच्या दिशेने तीन वर्षांचं शिक्षण असं येतं, काहींत सरळ समकक्ष म्हणून येतं. अहवाल घेऊन तुमच्या ऑफिसात जा आणि विचारा. एमकॉम वगैरे पुढे केलं असेल तर मात्र हा रस्ता सोडा. आणि सीपीएसाठी नंतर तीच पदवी पूर्ण बॅचलर्स म्हणून दाखवायचा बेत असेल तर दोन बोटींवर पाय ठेवल्यासारखं होईल, तेही आधी ठरवा.

कॅलिफोर्नियात असाल तर फी माफ करणारी कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रांट पदवी असली तरी मिळू शकते, तिथे ती अट नाही. फाउंडेशनच्या शिष्यवृत्त्यांनाही सहसा नसते.

निशिगंध

रेवदंडा, मोठ्या वयात शिकणाऱ्या बायकांसाठी वेगळी दारं आहेत, ती ठोठाव. पीईओ म्हणून बायकांची संस्था आहे, १८६९ पासूनची, आयोवात सुरू झालेली. शिक्षण मध्येच किमान २४ महिने सुटलं असेल आणि आता पुन्हा धरायचं असेल तर त्यांची वेगळी योजना आहे. पण त्यांच्या स्थानिक शाखेने तुझं नाव पुढे करावं लागतं, थेट अर्ज नाही. म्हणजे आधी शाखा शोधायची, कुणाला तरी भेटायचं, चहा प्यायचा. सोरॉप्टिमिस्टची 'लिव्ह युअर ड्रीम' आहे, ती घरातली मुख्य कमावती बाई असेल तर. नवरा कमावता असेल तर त्यात वेळ घालवू नकोस. जनेट रँकिन फाउंडेशन ३५ च्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या बायकांना देतं.

मी पंचेचाळिसाव्या वर्षी अर्ली चाइल्डहुडचे युनिट केले. वर्गात सगळ्यांची आई वाटायचे मी. :)

रेवदंडा

निशिगंध, ताई, दोघींचे आभार. एमकॉम नाही केलं, बरंच झालं म्हणायचं! अहवालाचं बघते.

कैरीचं_पन्हं

मी स्वतः विद्यार्थिनी आहे, आईच्या आयडीवरून नाही, माझाच आयडी. :) वय १९, एच-४. ग्रीनकार्डची रांग संपतच नाही. फाफ्सा माझ्यासाठी नाही, हे शाळेत असतानाच कळलं. कॅलिफोर्नियाचा ड्रीम अॅक्टचा अर्ज (फाफ्सा न चालणाऱ्यांसाठी राज्याच्या मदतीचा) तरी भरता येईल का?

फायलींचा_गठ्ठा

नाही गं. एच-४ वर फेडरल मदत नाही, एच-४ चं वर्क परमिट असलं तरी नाही. आणि राज्याच्या ज्या एबी ५४० नियमावर ड्रीम अॅक्टचा अर्ज उभा आहे, त्यातून एच-४ सारखे व्हिसा वगळलेले आहेत. ही चेष्टाच आहे, मान्य, पण तसं आहे.

तुझ्या बाजूने एक गोष्ट. एच-४ वाल्यांना कॅलिफोर्नियात नेहमीच्या नियमाने रहिवासी ठरता येतं. एक वर्षाहून जास्त राहणं आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसला पाहिजे. तू लहान असल्यापासून इथे आहेस, तर तू परदेशी विद्यार्थ्यांची फी भरत असशील तर आजच अॅडमिशन्स ऑफिसात जाऊन विचार. एच-४ बघून एफ-१ च्या (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या) रकान्यात टाकलेली मुलं मी पाहिली आहेत. फरक मोठा आहे. आणि २१ व्या वाढदिवसाला एच-४ संपतो, तेव्हा ट्रान्सफरचं वेळापत्रक वकिलाशी बोलून मग आख.

ओढ्याकाठी

कैरी, मला जे मिळालं ते सगळं कॉलेज फाउंडेशनकडून आणि रोटरीच्या स्थानिक क्लबकडून. दोघांनी नागरिकत्व विचारलं नाही. अर्जाच्या पात्रतेचा परिच्छेद आधी वाच, निबंध नंतर लिही. जिथे "नागरिक किंवा कायम रहिवासी" असं लिहिलंय तिथे दुसरं काही वाचायचंच नाही. एपीआयए स्कॉलर्स त्यातलीच, आपल्या आशियाई मुलांसाठी चांगली आहे, पण तुझ्यासाठी नाही. घारापुरी, तुमच्या मुलासाठी आहे.

आणि फाय थीटा कॅपा. दोन वर्षांच्या कॉलेजांची ही ऑनर सोसायटी, १९१८ पासूनची. १२ क्रेडिट पूर्ण आणि ३.५ जीपीए झाला की बोलावणं येतं. लोकांना ते स्पॅम वाटतं, कारण सभासद फी मागतात. ते स्पॅम नाही. बरीच चार वर्षांची विद्यापीठं फक्त या सभासदांसाठी ट्रान्सफर शिष्यवृत्ती ठेवतात. फी जड जात असेल तर चॅप्टरच्या सल्लागाराला विचार.

सांगलीचा_बाळ्या

नमस्कार. इकडून सांगलीतून विचारतोय. भाचा बारावी सायन्स झाला, ६८ टक्के. एजंट म्हणतोय अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला एफ-१ वर पाठवा, तिथे गेल्यावर शिष्यवृत्ती मिळतेच. खरं का? राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती त्याला लागू होईल का?

फायलींचा_गठ्ठा

बाळ्या दादा, सरळ बोलते. "गेल्यावर मिळतेच" हे खोटं आहे. एफ-१ वर फेडरल मदत नाही, राज्याची नाही, फीसुद्धा रहिवाशांच्या कित्येक पट. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा सगळा खर्च बँकेत दाखवावा लागतो, तो शिष्यवृत्तीच्या आशेवर दाखवता येत नाही. कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, त्यातून खिशाला आधार होतो, फी निघत नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, कम्युनिटी कॉलेजसाठी नाही.

घरात दोन वर्षांचा पूर्ण खर्च पेलवण्याइतके पैसे असतील, तर कम्युनिटी कॉलेज हा वाईट रस्ता नाही. नसतील तर भाच्याला भारतातच चांगलं शिकू द्या, पदवीनंतर पाठवा.

सांगलीचा_बाळ्या

समजलं. बहिणीला सांगतो, जमीन विकायचा विचार चालला होता. एजंटला आता मीच भेटतो.

वरणफळ

न्यू जर्सीकरांनो, आपल्याकडचं लिहिते. एडिसन-पिसकॅटवेच्या लोकांना हे माहीत असूनही अनेकजण वापरत नाहीत. हायस्कूलच्या वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असाल तर एनजे स्टार्समधून स्वतःच्या काउंटीच्या कॉलेजात ट्यूशन माफ, पाच सेमिस्टरपर्यंत. आपली हुशार मुलं यात सहज बसतात, पण "वरच्या १५ टक्क्यांतला मुलगा काउंटी कॉलेजात?" म्हणून आईबाप नाक मुरडतात. मग चार वर्षांचं कर्ज काढतात. दुसरी योजना कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रांट. समायोजित उत्पन्न ६५,००० पर्यंत असेल तर ट्यूशन आणि मान्य शुल्क दोन्ही, किमान सहा क्रेडिट घ्यायचे. आधी कॉलेजची पदवी नको. दोन्हीला फाफ्सा लागतोच.

मेतकूट

टेनेसी: टेनेसी प्रॉमिस, २०१५ च्या बॅचपासून. इतर ग्रांट वजा करून उरलेली ट्यूशन राज्य भरतं. अट अशी की प्रत्येक सत्राआधी आठ तास समाजसेवा, तारखेच्या आत नोंदवलेली. मुलगी मंदिरातल्या अन्नछत्राचे तास धरते. तारीख चुकली की योजना गेली, त्यात दयामाया नाही.

कावळा_चिमणी

कालच एक ईमेल आला: "अभिनंदन, तुमची २,००० डॉलरच्या शिष्यवृत्तीसाठी अंतिम फेरीत निवड झाली आहे, प्रक्रिया शुल्क ४९ डॉलर." लेकीने अर्जच केला नव्हता. तरी ती कार्ड शोधत होती!

निशिगंध

पैसे मागितले की तिथेच बंद. खरी शिष्यवृत्ती पैसे देते, घेत नाही. "हमखास मिळवून देऊ" म्हणणारे, सोशल सिक्युरिटी नंबर पहिल्याच पानावर मागणारे, तेही बाद. विश्वासाचं शोधायचं तर श्रम खात्याचं करिअरवनस्टॉप आहे, फुकट, त्यात असोसिएट पदवीसाठी वेगळी चाळणी लावता येते.

खडूस_काका

एवढे अर्ज करून मिळवलंत, आणि कॉलेजने तेवढीच त्यांची मदत कापली तर? माझ्या मित्राच्या मुलीचं तसंच झालं.

फायलींचा_गठ्ठा

काका, हा प्रश्न मात्र लाखाचा. बाहेरची शिष्यवृत्ती आली की काही कॉलेजं स्वतःची ग्रांट कमी करतात. मेरीलँडने २०१७ मध्ये सार्वजनिक कॉलेजांना यावर पहिल्यांदा लगाम घातला. कॅलिफोर्नियात २०२३-२४ पासून पेल पात्र आणि ड्रीम अॅक्टच्या मुलांची मदत अशी कापता येत नाही, एकूण खर्चापेक्षा मदत जास्त झाली तर गोष्ट वेगळी. इतरांनी शिष्यवृत्ती मिळाल्यावर ऑफिसला लेखी विचारावं: कापायचंच असेल तर आधी कर्ज कापा, ग्रांट नको. कम्युनिटी कॉलेजमध्ये हे कमी घडतं, कारण आमच्याकडे स्वतःची ग्रांट कापायला असतेच किती! ट्रान्सफर झाल्यावर घडतं. आणि हो, फी-पुस्तकांवर खर्चलेली शिष्यवृत्ती करमुक्त, घरभाड्यावर खर्चलेली करपात्र. पावत्या ठेवा.

युनिटबद्दल पण सांगून ठेवते, कारण सप्टेंबरमध्ये आमच्याकडे याचीच रांग लागते. २०२४-२५ पासून पेल युनिटच्या प्रमाणात मिळते. १२ युनिटला पूर्ण, ९ ला ७५ टक्के, ७ ला ५८ टक्के. आणि मुलाच्या कोर्सच्या आराखड्यात बसणारे वर्गच मोजले जातात. १२ भरावेत म्हणून घेतलेलं सिरॅमिक्स मोजलं जात नाही, आराखड्यात ते बसत नसेल तर. कॅल ग्रांट लागली तर १२ युनिटवर सत्राला १,२९८ डॉलरपर्यंत आणि १५ वर ४,००० डॉलरपर्यंत वेगळी कम्प्लीशन ग्रांट आहे. म्हणजे तीन युनिट वाढवले की फार मोठा फरक. पण केमिस्ट्री, कॅल्क्युलस आणि नोकरी एकत्र असताना १५ च्या मागे लागून मुलं वर्ग सोडतात, तेही वाईट. सगळे वर्ग सत्राच्या ६० टक्क्यांच्या आत सोडले तर मिळालेल्या पैशांतला काही भाग परत द्यावा लागतो, ते पत्र घरी येतं तेव्हा आई-बाप हबकतात.

टिंबटिंब

ट्रान्सफरच्या वेळी मोठी कुठली?

ओढ्याकाठी

जॅक केंट कुक फाउंडेशनची. खास कम्युनिटी कॉलेजमधून चार वर्षांच्या कॉलेजात जाणाऱ्यांसाठी, वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत. जीपीए चांगला हवा, आर्थिक गरज खरी दिसली पाहिजे, मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते. मोजक्यांनाच मिळते, मी अर्ज केला होता, मला नाही मिळाली. पण त्या अर्जासाठी लिहिलेले निबंध यूसीच्या अर्जात जवळपास जसेच्या तसे वापरले, त्यामुळे सुट्टी वाया गेली नाही. यूसीची ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी सहा कॅम्पसना लागू आहे (डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ), तिचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर. तुमच्या मुलाला तो पुढच्या वर्षी.

घारापुरी

मंडळी, फाफ्सा गेला. नवऱ्याचं खातं उघडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि सोशल सिक्युरिटी कार्डवर दुसरं. फाउंडेशनचा अर्जही भरला, हायस्कूल, युनियन, सगळे चौकोन. हायस्कूलचा जीपीए गेल्याचं पोर्टलवर दिसतंय.

आता कॉलेजचा ईमेल आलाय की मुलाची 'व्हेरिफिकेशन'साठी निवड झाली. आमचं काही चुकलं का? आणि नोकरी गेल्याचं पत्र त्यातच जोडायचं की वेगळं द्यायचं?

फायलींचा_गठ्ठा

काही चुकलेलं नाही, सिस्टीम काही अर्ज तपासणीसाठी उचलतेच. घरात किती माणसं, आणि मागितलं असेल तर टॅक्सचा ट्रान्सक्रिप्ट, एवढंच द्या. भारतातल्या आजी-आजोबांना तुम्ही अर्ध्याहून जास्त पोसत असाल पण ते तुमच्याबरोबर राहत नसतील, तर त्यांना घरातली माणसं म्हणून मोजू नका, आपल्या लोकांच्या फायली तिथेच अडकतात. आधी व्हेरिफिकेशन पूर्ण होऊ द्या. ते झाल्याशिवाय ऑफिस नोकरीच्या प्रकरणाला हात लावू शकत नाही. पण त्यांच्या वेबसाइटवरचा 'विशेष परिस्थिती'चा फॉर्म आजच उतरवून घ्या आणि बेरोजगारी भत्त्याची पत्रं जमवून ठेवा. ईमेलला उत्तर मुलाने त्याच्या कॉलेजच्या ईमेलवरून द्यायचं, तुमच्या नाही. तो कॉलेजात गेला, मग १८ चा असो वा नसो, त्याच्या परवानगीशिवाय ऑफिस तुमच्याशी त्याच्या फायलीबद्दल बोलणारही नाही.

घारापुरी

१८ चा जूनमध्येच झाला. झोपलाय अजून, उठवते.